बुडालेली फियाट आणि न उघडलेला जोड

मित्रांनो, मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे. नाव साहेबी असलं तरी माझं लाकूड अस्सल गिरणगावातलं. तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं मात्र नसेल. रस्त्याकडेच्या गॅरेजात एखादा मिस्त्री मोटारीच्या पोटात डोकं खुपसून बसलेला असतो आणि त्याच्या हातात एक चिमुकला बल्ब लुकलुकत असतो. तो मीच. माझ्या अंगातून दोन वायरी निघतात. एकीच्या टोकाला चिमटा आहे, दुसरीच्या टोकाला गोणपाट शिवायचा दाभण. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि दाभणाचं टोक वायरीत खुपसायचं. वायरीत करंट असला तर मी पेटतो, नसला तर पेटत नाही. संपलं माझं काम.

मला स्वतःचा असा उजेड नाही. दुसऱ्याच्या जिवावर क्षणभर पेटायचं आणि विझायचं. लोक माझ्याकडे बघतात तेही मी पेटलो की नाही एवढंच बघायला. काम झालं की खिळ्याला टांगतात. तक्रार करत नाही, दिव्याची जातच तशी. पण एकटं वाटतं, हे खरं.

मला घडवलं लवू मिस्त्रीने. लवू कुडाळकडचा. लालबागच्या एका मिलमध्ये तो पंधरा वर्षं वायरमन होता. ब्याऐंशी साली संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल असं करता करता घरातले डबे रिकामे झाले. तेव्हा लवूने बायको रत्नप्रभा आणि चार वर्षांची लेक क्षमा यांना गावी पाठवलं. "चार म्हयन्यांचो प्रश्न आसा," असं तो बायकोला म्हणाला होता म्हणे. त्या चार महिन्यांची वर्षं झाली आणि दोघी गावीच राहिल्या.

लवू लालबागची खोली सोडून घाटकोपरला आला. पंतनगरात भाऊरावांचं गॅरेज होतं. भाऊराव साताऱ्याकडचे, इंजिनात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण वायरी दिसल्या की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी गॅरेजला लागून असलेली पत्र्याची शेड लवूला दिली. तिथेच काम, तिथेच झोप. पहिल्याच रविवारी लवूने ट्रंकेतून सूत गुंडाळायची एक लाकडी बॉबिन काढली. मिलच्या गेटातून तो शेवटचा बाहेर पडला तेव्हा ती त्याच्या खिशात राहून गेली होती. तिच्या पोकळीत त्याने मोटारीच्या मागच्या दिव्याचा बल्ब बसवला, वायरी ओवल्या, आणि माझा जन्म झाला. काम नसलं की लवू मला उगाच हातात घेऊन बसायचा, अंगठ्याने माझं लाकूड चोळत. त्याला मिल आठवायची की लेक, ते मला कधी कळलं नाही.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. रिक्षा, टेंपो, अँबॅसिडर, कितीतरी गाड्यांच्या अंगात मी शिरलो. "लवूचा दिवा खोटं बोलत नाही," असं पंतनगरात लोक म्हणायचे. हे ऐकून मी असा काही फुगायचो की विचारू नका. कुणीही गॅरेजात आला की आधी हाक मारायचा, "काय लवू, कसं काय?" लवू वायरीतून डोकं न काढता म्हणायचा, "बरा आसा." विचारणारा पुढे निघून गेलेला असायचा.

पहिल्या दसऱ्याला लवूने पक्कड, पाने, सोल्डरिंग आयर्न आणि मला पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मग नारळ हातात धरून तो गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा म्हाराजा, ह्या शेडीत जो कोण येयत त्येचा काम बरा होवंदे म्हाराजा." कोकणात गाऱ्हाण्याला माणसं लागतात. एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. त्या शेडीत दुसरं होतं कोण? लवू प्रत्येक ओळीनंतर थांबायचा आणि स्वतःच हळू आवाजात म्हणायचा, "व्हय म्हाराजा." मला तोंड असतं तर मी नक्की साथ दिली असती.

आता त्या फियाटची गोष्ट सांगतो, कारण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही आहे ते तिच्यापाशी येऊन थांबतं.

पंच्याऐंशी सालच्या जुलैत पंतनगरचा नाला फुगला. सोसायट्यांच्या आवारात कंबरभर पाणी चढलं आणि दीड दिवस हटलं नाही. पाणी ओसरल्यावर गॅरेजसमोर बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. त्यातच दोरीने ओढत एक दुधी रंगाची फियाट आली. मागून तिचे मालक चालत आले. मार्तंडराव त्यांचं नाव. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सडपातळ, चिखलातही शर्टाची इस्त्री न मोडलेली. त्यांची बायको उत्तराबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा नंदकिशोर बडोद्याला नोकरीला. घरात ते एकटेच.

भाऊरावांनी बॉनेट उघडलं, वास घेतला आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. "काका, पाणी उतरल्यावर चावी फिरवली नाहीत ना?"

मार्तंडराव शाळेतल्या पोरासारखे खाली बघू लागले. "एकदाच फिरवली."

"एकदाच? मग वाट लागली ना! अहो, बुडता बुडता वाचलेल्या माणसाला कोणी लगेच पळायला सांगतं का? इंजिन माझं मी बघतो. वायरिंग म्हणजे... लवू, ए लवू! बघ रे बाबा, तुझं गिऱ्हाईक."

लवूने आधी बॅटरी सोडवली. मग सीटा बाहेर काढल्या, पायाखालचे गालिचे सोलून काढले. फ्यूजच्या पेटीत गटाराचा गाळ भरला होता. स्टार्टरमधून तांब्याभर पाणी निघालं. लवूने एकेक जोड उघडला, गोड्या पाण्याने धुतला, पेट्रोलने पुसला, पॉलिश पेपरने घासला, उन्हात वाळवला. ऊन नसलं तर तव्यावर. काढलेल्या प्रत्येक वायरीला तो बॉबिनवर उरलेल्या मिलच्या सुताची गाठ मारायचा. हॉर्नच्या वायरीला एक गाठ, वायपरच्या वायरीला दोन. वहीत लिहून ठेवणं त्याला जमायचं नाही, पण त्या गाठींचा हिशोब त्याने कधी चुकवला नाही.

मार्तंडराव रोज सकाळी दहाला यायचे आणि झाडाखाली वाळत ठेवलेल्या आपल्याच गाडीच्या सीटवर बसायचे. सुरुवातीला ते लवूला "मिस्त्री, तुम्ही" म्हणत. आठवड्याभरात "लवू, तू" वर आले. उत्तराबाईंना गाडीत काच खाली करून बसायला आवडायचं, मुलुंडहून गणपतीची मूर्ती आणताना त्या ती स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या, असं काहीबाही सांगत राहायचे. लवू हं हं करत ऐकायचा. एक दिवस मात्र मार्तंडराव म्हणाले, "लवू, नंदू गणपतीला येतोय. तोवर गाडी चालू झाली नाही तर ती भंगारात काढायची आणि घर बंद करून मी बडोद्याला जायचं, असं ठरलंय."

"कोणी ठरवलां?"

"नंदूने. त्याचंही खरं आहे. म्हणतो, तुम्ही एकटे, बाजार लांब, डॉक्टर लांब, गाडी नाही म्हटल्यावर कसं करणार? पण लवू, त्या घरात मी हिच्याबरोबर बत्तीस वर्षं काढली. बडोद्यात मला कोण ओळखतं?"

लवूने मला उचललं आणि तो पुन्हा गाडीत शिरला. त्या दिवसापासून तो ती गाडी स्वतःची असल्यासारखी दुरुस्त करू लागला.

पाण्यात बुडालेल्या गाडीचं वागणं भुताने झपाटल्यासारखं असतं. पंधरा दिवसांनी बॅटरी जोडली तेव्हा हॉर्न दाबला की वायपर हलायचा आणि ब्रेक दाबला की उजवीकडचा इंडिकेटर मिणमिणायचा. मार्तंडराव इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या ऑफिसासारखं झालं," ते म्हणाले, "एकाला विचारावं तर उत्तर दुसराच देतो." लवूने समजावलं, "काका, अर्थिंगचो जोड गंजलो काय करंटाक परतीची वाट गावना नाय. मगे तो खंयसूनय वाट काढता." मग आम्ही दोघांनी मिळून ती वाट शोधली. कितीदा तरी तो माझा दाभण टोचायचा, मी पेटलो की पुढे सरकायचा, नाही पेटलो की तिथेच थांबून खरवडायचा. ऑगस्ट सरता सरता एकेक भूत उतरलं. आम्ही दोघं तेव्हा फार खुशीत होतो.

गणपती जवळ आले आणि लवूचा जीव थाऱ्यावर राहीना. कोकणातला चाकरमानी एक वेळ स्वतःचं लग्न चुकवेल, पण गणपतीला गाव चुकवायचा नाही. लवूला मागची दोन वर्षं जाता आलं नव्हतं. या खेपेला त्याने जूनमध्येच पहाटे रांगेत उभं राहून एस.टी.चं तिकीट काढलं होतं. क्षमा आता सात वर्षांची झाली असणार, म्हणून अंदाजाने एक लाल फ्रॉक घेऊन ट्रंकेत ठेवला होता. तो दिवसातून एकदा तरी ट्रंक उघडून फ्रॉक बघायचा आणि "आखूड होयत काय रे?" असं मलाच विचारायचा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गाडीतले सगळे जोड उघडून झाले होते. एकच राहिला होता. पुढच्या दोन्ही मोठ्या दिव्यांना मिळून एक जाड वायर जाते. डॅशबोर्डच्या आत, पार कोपऱ्यात, तिला कुणीतरी पूर्वी दिलेला एक जोड होता, काळ्या टेपने गुंडाळलेला. तो उघडायचा तर अर्धा डॅशबोर्ड उतरवायला हवा, म्हणजे उरलेला दिवस गेला. आणि सकाळी सहाला कुर्ल्याच्या नेहरूनगर डेपोतून एस.टी. सुटणार होती. सामान बांधायचं होतं, वाणसामान घ्यायचं होतं.

लवूने हात लांब करून जोडाच्या पलीकडे माझा दाभण टोचला. मी झळझळीत पेटलो.

"आसा," तो म्हणाला, "करंट आसा."

मग त्याने बटण दाबून मोठे दिवे लावले. तेही लागले. दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन लख्ख पडलं होतं. तसल्या उन्हात मोटारीचा दिवा पांढरा आहे की पिवळा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. लवूचं बोट क्षणभर त्या टेपेवर थांबलं. मला वाटलं, आता खोलणार. मग त्याने बोट काढलं, हात पुसले आणि मला खिळ्याला टांगलं.

संध्याकाळी मार्तंडरावांनी गाडी गॅरेजभोवती फिरवून आणली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी लवूच्या हातात एक नारळ दिला. "तुझ्या गावच्या गणपतीपुढे माझ्याकडून ठेव. तुझ्यामुळे मी माझ्या घरात राहणार आहे." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लवू निघून गेला. घाईत मी खिळ्यालाच राहिलो.

गणपती आणणाऱ्यांच्या ढोल-ताशांचे आवाज लांबून ऐकत मी तसाच लटकत होतो. चतुर्थीच्या सकाळी गॅरेजचं दार कुरकुरलं. भाऊराव आणि चहावाला अंबादास कुठलीशी गाडी ढकलत आत आणत होते. बघतो तर आमची फियाट. नाक चेपलेलं, एक काच फुटलेली.

"काय झालं रे?" अंबादासने विचारलं.

"काल तिन्हीसांजेला बापलेक मुलुंडहून गणपती घेऊन येत होते. हायवेला, विक्रोळीच्या खाडीकडे, लायटी गेल्या. समोर खडीचा ढीग. म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. पोराच्या मांडीवर मूर्ती होती, तिचा हात तुटला. तशीच नेऊन विसर्जन केली म्हणतात."

"अरे देवा! लायटी कशा गेल्या पण?"

"पोरगा म्हणतो, म्हाताऱ्याने गडबडून बटणच बंद केलं. म्हातारा काही बोलतच नाही. आता गाडी भंगारात, आणि म्हातारा बडोद्याला." भाऊरावांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "लवूला काय सांगायचं, तेच कळत नाही."

मित्रांनो, तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. मी तर झळझळीत पेटलो होतो. मग चुकलं कुठे?

गौरीगणपती आटोपून लवू परत आला. भाऊरावांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, तसाच गाडीत शिरला. अर्धा डॅशबोर्ड उतरवला आणि तो जोड उघडला. टेपेच्या आत नुसती हिरवी पूड होती. पुराच्या पाण्याने वायरीतल्या तारा आतून खाऊन टाकल्या होत्या. केसाएवढ्या दोन-तीन तारा काय त्या तगल्या होत्या, आणि त्याही आता जळून तुटलेल्या होत्या. माझ्यासारख्या बल्बला घोटभर करंट पुरतो, तो त्या दोन-तीन तारांतून सहज मिळाला. मोठ्या दिव्यांना हंडाभर लागतो. जुन्या मिस्त्र्याला हे ठाऊक नसतं असं नाही. लवूलाही ठाऊक होतं. म्हणून तर त्याचं बोट त्या टेपेवर थांबलं होतं.

मी खोटं बोललो नव्हतो. मला विचारलं तेवढंच मी सांगितलं होतं. पण त्या दिवशी माझी मला फार लाज वाटली.

भाऊराव त्याच्या शेजारी उकिडवे बसले. "लवू, ऐक माझं. तू गप्प बस. पाण्यात बुडालेली गाडी, तिचं काय सांगता येतं? पोराने बटणावर खापर फोडलंय, फोडू दे. तू तोंड उघडलंस तर उद्या तुझ्याकडे कोण गाडी लावेल?"

त्या दिवशी लवू जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा टेंपो आला. नंदकिशोर आला, आणि त्याच्यामागे मार्तंडराव, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. आठ दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"नंदूसाहेब," लवू पुढे झाला. "गाडी न्या, पण पाच मिनटां थांबा. काकांनी बटण बंद केलां नाय."

नंदकिशोर वैतागला. "तू होतास का गाडीत?"

"मी नव्हतंय. पण चुकी माझी आसा."

भाऊराव मागून खाकरले. लवूने लक्ष दिलं नाही. त्याने बॉनेटचं झाकण वर केलं, बॅटरी जोडली आणि तो जळका जोड सगळ्यांना दिसेल असा बाहेर ओढला. मग एका नव्या वायरीतून केसाएवढी एकच तार सोलून काढली आणि तुटलेल्या दोन टोकांमध्ये ती बांधली. पलीकडच्या बाजूला माझा दाभण लावला. मी पेटलो, पूर्वीसारखाच झळझळीत. त्या क्षणी न पेटता आलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

"ह्या बघा. ह्या बघान मी म्हटलंय, करंट आसा. आता बघा." त्याने मोठ्या दिव्यांचं बटण दाबलं. ती तार लालबुंद झाली आणि पुटकन तुटली. दिवे लागलेच नाहीत, आणि मीही विझलो.

"तुमच्या गाडीत अशे दोन-तीन तारो होते. थोडा येळ लायटी चलले, मगे जळले. ह्यो जोड उघडूचो होतो. मी उघडूक नाय. माका गावाक जावचा होता."

नंदकिशोरचा आवाज चढला. "माझ्या वडिलांचा हात मोडला! मूर्ती भंगली! आम्ही मेलो असतो, कळतंय का तुला?"

"व्हय," लवू म्हणाला. एवढंच.

मार्तंडराव हळूहळू पुढे आले. त्यांनी डाव्या हाताने तो जळका जोड धरला आणि चष्म्याजवळ नेला. "नंदू," ते म्हणाले, "उजेड एकदम गेला नव्हता. आधी पिवळा पडत गेला. मी दोनदा चष्मा पुसला. मला वाटलं, माझेच डोळे गेले. तू म्हणालास, मी बटण बंद केलं. तेही मला खरं वाटलं. आठ दिवस रोज संध्याकाळी मी डोळ्यांपुढे बोटं धरून मोजतोय."

नंदकिशोरला हे ठाऊक नव्हतं.

"गाडी ने," मार्तंडराव म्हणाले. "मी नाही येत."

"बाबा, अहो, एकटे कसे राहणार तुम्ही?"

"एकटा आहे, ते आहेच. आंधळा नाही."

नंदकिशोरने वडिलांची झोळी नीट केली आणि टेंपोवाल्याला म्हणाला, "चल, घे गाडी." लवूकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. फियाट टेंपोमागे दोरीला बांधून निघून गेली. तिच्या वायरींना सुताच्या गाठी तशाच होत्या.

मार्तंडराव थांबले. त्यांनी लवूला विचारलं, "गावी सगळे कसे आहेत?"

"बरे आसत."

मला वाटलं, आता जातील. या उत्तरावर आजवर सगळे गेलेच होते. पण मार्तंडराव पेट्रोलचा एक रिकामा डबा ओढून त्यावर बसले. "ते तू सगळ्यांनाच सांगतोस. मला नीट सांग."

लवूने मला हातात घेतलं आणि माझं लाकूड चोळू लागला. तो म्हणाला, "चेडवान माका वळखूक नाय, काका. दाराआड उभां रवलां. आवशीक इचारल्यान, हे पावणे कधी जातले?" मग तो रडला. संप झाला तेव्हा रडला नव्हता, खोली सुटली तेव्हा रडला नव्हता, असं त्याने कधीतरी भाऊरावांना सांगितलं होतं. ज्या पोरीला बघायच्या ओढीने त्याने तो जोड तसाच सोडला, तिने त्याला पाहुणा म्हटलं होतं. लाल फ्रॉकही तिला आखूड झाला होता.

अंबादासचा चहा दोनदा आला, दोनदा गार झाला, तरी मार्तंडराव बसून राहिले. शेवटी त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन आणि एक इनलँड लेटर काढलं. उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. "मला लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "तूच लिही. चुकलं तर मी सांगतो." लवूने पहिल्यांदा आपल्या हाताने लेकीला पत्र लिहिलं. त्याला पूर्ण दुपार लागली. पुढे दर रविवारी एक पत्र जायचं.

मार्तंडराव आणखी तीन वर्षं आपल्या घरात राहिले, आणि आपल्याच घरात गेले. त्यांच्यामागे गॅरेजात लवूला दुसऱ्यांदा विचारणारं कुणी उरलं नाही. काही गिऱ्हाइकं तुटली होती, भाऊरावांचं भाकीत अगदीच खोटं ठरलं नाही. लवूने विजेच्या सामानाच्या बाजारातून, लोहार चाळीतून, काट्याचा मीटर आणला. किती करंट आहे ते तो आकड्यात सांगतो. बरोबरच केलं त्याने. मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. यंदा, एकोणनव्वद साली, लवू कायमचा गावी गेला. शेडीतलं सामान बांधताना तो डबा फळीवर मागे राहिला. विसरला की मुद्दाम ठेवला, ते कुणाला विचारू? इथे अंधार आहे आणि पावसाळ्यात चिमट्याला गंज चढतो. बल्ब मात्र अजून शाबूत आहे.

मित्रांनो, कधी गॅरेजात माझा कुणी भाऊबंद दिसला तर त्याला ओलीत टाकू नका, आणि तो पेटला म्हणून सगळं ठीक आहे असंही धरू नका. माणसांचंही तसंच आहे. जाता जाता तुम्ही विचारता, "काय, कसं काय?" आणि समोरचा म्हणतो, "बरं आहे." एवढं म्हणायला केसाएवढी तारही पुरते. तेव्हा एकदा विचारून निघून जाऊ नका. दुसऱ्यांदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.